सबनीस साहेबांची बेल

वायर सोलायला काय लागतं असं कोणी विचारलं की मी तोंड उघडून दाखवायचो. चाळीस वर्षं माझं हत्यार तिथेच होतं. पकड घरी राहते, टेस्टर हरवतो, दात मात्र कायम बरोबर.

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले होते. म्हणाले, दिनकरराव, आजकाल ते वायर सोलायचे ऑटोमॅटिक स्ट्रिपर निघालेत, कोणता घ्यावा, कसा वापरावा, यावर चार ओळी लिहा, लोकांच्या कामाला येतील. मी सहावी नापास माणूस. मला चार ओळी लिहिता येत नाहीत. एकतर काहीच लिहिणार नाही, नाहीतर सगळं लिहीन. तर सगळंच लिहितो. स्ट्रिपर मध्ये येईल आपला आपण.

ज्यांनी वायर कधी उघडून पाहिली नाही त्यांना आधी सांगतो. आत तांबं असतं, वर प्लास्टिक. जोड द्यायचा तर टोकाचं प्लास्टिक काढावं लागतं. बस, एवढंच काम. पण आमच्या धंद्यातली निम्मी पापं याच एका इंचात होतात. ब्लेडनं सोललं आणि तांब्यावर चरा पडला तर ते तांबं तिथून एक दिवस तुटणार. जास्त सोललं तर उघडं तांबं बोर्डात राहणार. आणि नको तिथे प्लास्टिक दुखावलं तर ते लगेच काही बोलत नाही. मनात ठेवतं.

मी दातानं सोलायचो. वायर दाढेखाली नाही, समोरच्या दातांत धरायची, हलकेच चावायची, गोल फिरवायची आणि झटका द्यायचा. माझा वरचा डावा दात अर्धा होता. परदेशीपुऱ्यात एका घरी भिंत फोडताना हातोडीचा दांडा सटकून तोंडावर बसला, तेव्हा तुटलेला, तिरका, वाकड्या नखासारखा. डॉक्टर म्हणाले बसवून घ्या. मी म्हटलं, राहू द्या, कामाचा आहे. वायर त्याच्या खाचेत बरोब्बर बसायची. मार्केटमध्ये लोक मला त्या दातावरून ओळखायचे.

माझ्या जोडीला गेंदालाल. हा गौतमपुऱ्याचा. लहानपणी हिंगोटच्या, म्हणजे बारूद भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकायच्या, खेळात डावी भुवई जळाली, ती परत उगवली नाही, त्यामुळे त्याचा चेहरा नेहमी अर्धा चकित दिसतो. तीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. पहिला ऑटोमॅटिक स्ट्रिपर त्यानेच आणला. दिसायला पिस्तुलासारखा. तोंडात वायर द्यायची, मूठ आवळायची. आधी एक जबडा वायर धरतो, मग पाती फक्त वरचं प्लास्टिक कापतात, आणि मूठ पूर्ण आवळली की कापलेला तुकडा ओढून बाहेर फेकतात. तांबं जसंच्या तसं, चकचकीत. मी खूप हसलो. म्हटलं, गेंदा, याचे जबडे चांगले की माझे?

तो म्हणाला, "दादा, इसके जबड़े को मालूम है कहाँ रुकना है."

मला राग आला. तो राग मी दुसऱ्याच दिवशी एका घरात काढला, आणि ते घर सबनीस साहेबांचं होतं.

सबनीस म्हणजे होळकरांच्या वेळेपासून नोकरीत असलेलं घराणं. साहेब स्वतः सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, राजेंद्र नगरला तळमजल्यावर राहायचे. त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पलंगावर पडून असायचे. स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिकडे असल्या तर साहेब हाक मारणार कशी? म्हणून वहिनींनी मला बोलावलं. पलंगाच्या डोक्याशी, डाव्या हाताला, एक बटण लोंबतं ठेवायचं, बेल स्वयंपाकघरात.

सोपं काम. लाल-काळी जोडवायर पश्चिमेच्या भिंतीवरून नेली. दोन हात कमी पडली. नवी आणायला कोण जाणार, म्हणून मी सागवानी कपाटामागे एक गोल डबी ठोकली आणि तिथे जोड दिला. गेंदालालने स्ट्रिपर पुढे केला. "लो दादा." मी त्याच्याकडे बघत बघत लाल आणि काळी दोन्ही वायरी एकदमच तोंडात धरल्या. एका चाव्यात दोन्ही. त्याला दाखवायचं होतं ना. पहिला चावा जरा मागे पडला, म्हणून सोडून दिला आणि दुसरा पुढे घेतला. सोललं, जोडलं, टेप मारली, डबीचं झाकण लावलं, कपाट भिंतीला सरकवलं.

साहेबांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. तिकडून वहिनी पदराला हात पुसत आल्या. किती महिन्यांनी नवऱ्यानं हाक मारली होती. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी मला वाटलं, चला, आपणही एक काम केलं.

साहेब त्यानंतर साडेपाच वर्षं जगले. त्या काळात माझे दात एकेक करून गेले, शेवटी सगळे काढून कवळी बसवली. कवळीनं भाकरी चावता येते, वायर नाही. गुपचूप गेंदालालचा स्ट्रिपर मागून घ्यायला लागलो. तो काही बोलला नाही. अर्धा चकित दिसत राहिला.

या उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. साहेबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. म्हणाल्या, दिनकरराव, बेल तुम्हीच लावली होती, एकदा येऊन बघाल का? मी विचारलं, वाजत नाही का? 

"वाजते," म्हणाल्या.

मी गेलो. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हिशोबी, घाईगर्दी न करता. साहेब गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी चारला बेल वाजली. साहेब चारलाच चहा मागायचे. मग आठवड्यातून चार-पाच दिवस वाजायला लागली. पावसाळ्यात थांबली; वहिनींना वाटलं, गेले बहुतेक. ऑक्टोबरात परत आली. थंडीत पुन्हा गप्प. चैत्र लागल्यापासून परत रोज.

आणि वाजायची रीत अशी. बोटानं दाबलं की डिंग, सोडलं की डाँग, लागोपाठ वाजतं. इथे आधी नुसतं डिंग. मग काही नाही. वहिनी चहा टाकणार, कपात ओतणार, ट्रे घेऊन साहेबांच्या खोलीपर्यंत जाणार, दार ढकलणार, तेव्हा डाँग.

"मी येईपर्यंत ते बटणावरून बोट काढत नाहीत," वहिनी म्हणाल्या.



त्यांचा मुलगा अभय बंगळूरला. तो डिसेंबर-जानेवारीत येऊन राहिला तेव्हा बेल एकदाही वाजली नव्हती. वहिनींनी मग फोनवर ऐकवली, तर म्हणाला, आई, तूच दाबत असशील, आणि तुझ्या लक्षात राहत नसेल. दोन वायरमन येऊन गेले. एकाने बटण बदललं, दुसऱ्याने बेल बदलली. जुनी तापून जळकट वास मारत होती म्हणे. नवी बेलही चारला वाजली. बेल काढूनच टाका असं सगळे म्हणाले, ते वहिनींनी ऐकलं नाही. मग डॉक्टर, मग गोळ्या. आता येत्या रविवारी अभय त्यांना कायमचं न्यायला येणार होता, घराला कुलूप.

"मला इथून जायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण मला वेड लागलंय असं म्हणून कोणी नेणार असेल तर ते मला अजिबात नको. तुम्ही फक्त एवढं सांगा, बेल खरंच वाजते की नाही. मग ती कोणी वाजवो."

तीन वाजून गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी कवळी जिभेनं सारखी हलवत होतो, ती माझी सवय आहे. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. चार वाजायला पाच-सहा मिनिटं असतील.

डिंग.

मी डाँगची वाट बघत राहिलो. आला नाही. वहिनी उठल्या आणि गॅस पेटवला. चहा उकळला, त्यांनी ओतला, ट्रे उचलला. मी त्यांच्या मागे. चाळीस वर्षं मी करंटला घाबरलो नाही, पण त्या बोळात मी वहिनींच्या पुढे गेलो नाही. वहिनींनी कोपरानं दार ढकललं. दार कपाटाला थडकलं.

मागे स्वयंपाकघरातून आवाज आला. डाँग.

खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर चादर नीट ताणलेली, उशीशेजारी बटण लोंबत होतं. वहिनींनी ट्रे स्टुलावर ठेवला आणि दोन मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, चला, चहा निवेल तुमचा.

चहा मी प्यायलो नाही. पण दार थडकलेलं मी पाहिलं होतं, आणि भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी तापलेली. त्या कपाटामागे काय आहे हे इंदुरात दोनच माणसांना माहीत होतं. मी म्हटलं, उद्या गेंदालालला घेऊन येतो, कपाट एकट्यानं सरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन बंद केलं, कपाट पुढे ओढलं. डबीवर कोळ्यांची जाळी. झाकण उघडलं. जोड जसाच्या तसा, टेप घट्ट. जोडाच्या मागे दीड इंचावर मात्र लाल आणि काळी, दोन्ही वायरींचं प्लास्टिक एकाच जागी फाटलेलं, आणि आतलं तांबं समोरासमोर. मध्ये केसाएवढी जागा. भिंत तापली की वायर ताणून हलणार, तांब्याला तांबं टेकणार, बेलला वाटणार बटण दाबलं. दार कपाटाला थडकलं, भिंत हादरली, की सुटणार.

गेंदालालने चष्मा लावून ते फाटलेलं प्लास्टिक बघितलं. कडेला खूण होती. एका दाताची सरळ रेघ, आणि शेजारी वाकड्या नखासारखी अर्धी. माझा सोडून दिलेला पहिला चावा.

माझे दात जाऊन पाच वर्षं झाली होती. मी ते दवाखान्यातच सोडून आलो होतो. आणि इथे ते त्या अंधाऱ्या डबीत वायर धरून बसले होते.

गेंदालालने वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो हसेल असं मला वाटलं होतं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ये तो तुम हो."

आता काय करायचं? गेंदालालचं म्हणणं, चुपचाप नवीन वायर टाका, कोणाला सांगायची गरज नाही. मलाही क्षणभर तेच वाटलं. इंदुरात माझं नाव आहे. पण वायर बदलली असती तर बेल बंद झाली असती, आणि रविवारी अभय म्हणाला असता, बघ आई, काहीच नव्हतं. वहिनी कुलूप लावून गेल्या असत्या, वेडी म्हणून. माझ्या दातांची शिक्षा त्यांना. तसं मला नको होतं. दुसरी गोष्ट, ती सांगायला मला जास्त जड जात होती. खरं सांगितलं तर वहिनींचं घर राहणार होतं, पण चारला चहा मागणारं माणूस मी काढून घेणार होतो. मी तो जोड दोन्ही बाजूंनी हातभर वायर राखून कापला, एका लाकडी पाटीवर खिळ्यांनी बसवला आणि रविवारची वाट पाहिली. तोवर बेल गप्प होती. वहिनींनी काही विचारलं नाही.

अभय सकाळीच आला. चांगला मुलगा आहे, डोळ्यांखाली काळं झालेलं. मी त्याला सांगितलं, वहिनींच्या डोक्यात काही नाही, होतं ते माझ्या दातांत. त्याला वाटलं, मी आईला बरं वाटावं म्हणून बोलतोय. मग मी पाटी बटणाच्या जागी जोडली, मेन चालू केलं, गरम इस्त्री वायरीजवळ धरली. सगळे हात मागे ठेवा म्हटलं. थोडा वेळ काही नाही.

डिंग.

अभयचं तोंड उघडंच राहिलं. पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो. वहिनी खुर्चीवरून उठल्या होत्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. अर्ध्या बोळात त्या थांबल्या. माझ्या हातातली इस्त्री त्यांनी वळून पाहिली. मी पाटीला टिचकी मारली. डाँग.

त्या परत येऊन बसल्या. 

"ते होते तेव्हा," वहिनी म्हणाल्या, "मी कधी पहिल्या बेलला गेले नाही. भाजी परतायची असायची, फोन असायचा. दोनदा, तीनदा वाजवायला लावायची. आणि ते गेल्यावर मात्र मी एका बेलला उठत होते."

अभय खाली बघत "आई" एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, वहिनी, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, तुमची कशी? तुम्ही मला वर्षभर एक संधी दिलीत. मग जराशा हसल्या. "पण आता दात आवरा."

मला आयुष्यात एवढं कोणी बोललं नव्हतं.

अभयची काळजी तरीही खरी होती. आई पडली-बिडली तर ऐकणार कोण? तेव्हा मी म्हटलं, बटण तिथेच राहू दे, बेल फिरवू. शेजारी मालवीयांचं स्वयंपाकघर, मध्ये एकच भिंत. वहिनींनी बटण दाबायचं, बेल तिकडे वाजेल. मालवीयांच्या घरच्या बाई म्हणाल्या, भियाजी, ये तो पहले करना था. नवी वायर टाकली, अखंड, मध्ये जोड नाही. टोकं सोलायला मी गेंदालालकडे हात पुढे केला. त्याने स्ट्रिपर दिला, आणि या वेळी बोलला. "सात साल लगे, दादा."

एक टोक वहिनींनी स्वतः सोललं. मूठ आवळली, प्लास्टिकचा तुकडा उडाला. "इतकं सोपं?" म्हणाल्या. 

तर स्ट्रिपर घेताना. एक प्रकार खाचांचा असतो, प्रत्येक जाडीला वेगळी खाच, चुकीच्या खाचेत वायर गेली की तांबं कापलं जातं. दुसरा आपला आपण जाडी ओळखणारा, तोच घ्या. दुकानात हात हलवत जाऊ नका, घरातल्या वायरींचे जाड-बारीक तुकडे खिशात न्या आणि तिथेच सोलून बघा. तांबं उजेडात फिरवा, गोल चरा दिसला तर परत द्या. किती इंच सोलायचं त्याची आतली सरकपट्टी पाहा. ताण कमी-जास्त करायची बारीक चाकी असते, बेलच्या पातळ वायरीला ती थोडी सैल करावी लागते. जुन्या सुती कापडाच्या वायरीवर तो घसरतो, तिथे जपून. मुठीवर रबर आहे म्हणून चालू लाईनवर वापरू नका, आधी मेन बंद. पाती झिजली की बदला, हट्ट करू नका. हे शेवटचं मी सांगतोय, लक्षात घ्या.

वहिनी राजेंद्र नगरलाच आहेत. रोज चारला एकदा बटण दाबतात, मी ठीक आहे म्हणून. मालवीयांच्या बाई तिकडून भिंतीवर दोनदा वाजवतात. मागे वहिनी मला म्हणाल्या, दिनकरराव, एक राहिलं. साहेबांचं वर्षश्राद्ध थंडीच्या सुरुवातीला, अभय यायच्या आधी आलं होतं, दिवसभर ढग, भिंत गार. त्या दिवशीही चारला वाजली होती. मी म्हटलं, दार आपटलं असेल. त्या म्हणाल्या, दार मी नंतर उघडलं.  मी वायरमन आहे, जेवढं वायरीत असतं तेवढंच मला कळतं.

माझी झोप मात्र गेली, तीही दुपारची. चाळीस वर्षांत मी किती घरांत जोड दिले ते मला आठवत नाही. परदेशीपुरा, राजेंद्र नगर, अख्खं इंदूर. चार वाजत आले, पश्चिमेच्या भिंती तापल्या, की मी कवळी काढून वाटीत ठेवतो आणि बसून राहतो. तिकडे कुठेतरी कपाटामागे, बोर्डामागे, माझा अर्धा दात वायर धरून बसलेला असणार.

तुमच्या घरात काही आपोआप वाजत असेल, दिवा आपोआप लागत असेल, तर आधी मेन बंद करा आणि चांगला वायरमन बोलवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेडं ठरवू नका. वायरीवर एक सरळ रेघ आणि शेजारी वाकड्या नखासारखी अर्धी खूण दिसली, तर मंडळात निरोप ठेवा. मी येईन. स्ट्रिपर माझा स्वतःचा आहे आता.